मायनं पाहिलेला धबधबा

माझ्या मायनं सत्तरी ओलांडली, तोवर धबधबा पाहिला नव्हता. वैनगंगेच्या कुशीत, वडशात जिचा जन्म गेला, तिच्याबद्दल हे लिहिताना मला अपराधी वाटतं. न पाहण्याचं कारण साधं आहे. धबधबे पाहायचा जो हंगाम ठरून गेलाय, तोच आमच्या झाडीपट्टीत रोवण्याचा. जुलै-ऑगस्टात शहरातल्या गाड्या डोंगराकडे निघतात, तेव्हा इथल्या बाया बांधीत वाकून पऱ्हे लावत असतात. धान कापून, बांधून, चुरणं आटोपलं की कुठे मायचे चार दिवस मोकळे होतात.

म्हणून गेल्या डिसेंबरात तिला मूलजवळच्या सोमनाथच्या धबधब्याला नेलं. "आता तिथं काय पाहणार? पावसाळ्यात जायचं," असं दोघातिघांनी सांगितलं. मला ते पटलं नाही. सोमनाथचं पाणी बारमाही. हिवाळ्यात धार बारीक होते खरी, पण गढूळपणा जातो, वाटेवरचा चिखल वाळतो आणि म्हातारं माणूस काठी टेकत जाऊ शकतं.

वडशाहून बल्लारशाकडची गाडी धरली. ब्रह्मपुरी, नागभीड, तळोधी. खिडकीबाहेर कापलेल्या बांध्या, त्यात लाखोळीची हिरवळ. कुठे हलकं धान होतं, कुठे भारी, ते माय धसकटं पाहून सांगत होती. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ पासून वेगळ्या लोंब्या निवडत एचएमटी तांदूळ तयार केला, हे मी तिला सांगितलं. शेत किती होतं म्हणून तिनं विचारलं. दीड एकर म्हटल्यावर ती बराच वेळ बाहेर बघत राहिली.

मूलला उतरून ऑटो केला. सोमनाथला बाबा आमटेंनी १९६७ मध्ये प्रकल्प उभारला. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी जंगलातल्या जमिनीवर शेती पिकवली. बोटं झडलेल्या हातांनी धान कसं कापलं असेल, हा मायचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढची वाट थोडीच, पण जंगल वाघाचं आहे. या पट्ट्यात सरपणाला, मोहाला गेलेली माणसं वाघानं मारली आहेत. इथं येणाऱ्यांना मी कळकळीनं सांगतो: ऊन वर आल्यावर निघा, एकटे जाऊ नका, वाट सोडू नका आणि सावल्या लांबायच्या आत परत फिरा.

खडकावरून पाणी पातळ पडद्यासारखं उतरत होतं. तळाशी खडे मोजता यावेत इतकं नितळ. माय काठच्या दगडावर बसली, लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि पाय पाण्यात सोडले. तेव्हा तिच्या बोटांच्या बेचक्या मला नीट दिसल्या. वर्षानुवर्षं रोवण्यात झालेल्या चिखल्यांनी तिथली कातडी पांढुरकी, जाड पडली आहे. चिखल्या झाल्या की ती रात्री बोटांच्या मधे तेल-हळद भरायची आणि सकाळी पुन्हा बांधीत उतरायची.

"हे पाणी आपल्या गावाकडं येते का रे, बाबू?"

"नाही माय. पण वैनगंगेलाच जाते. आपल्या खालच्या अंगाला."

ती हसली. तांदळाची भाकर आणि लाखोळीची भाजी सोडली, मला वाढली. स्वतः जेवतानाही तिनं पाय पाण्याबाहेर काढले नाहीत.