पाणी तपासले, गाळाचे काय?

उन्हाळ्यात तलाव आटले की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात गाळ काढायची कामे निघतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना शासनाने 2017 साली आणली. पाझर तलावाचा काळा गाळ हलक्या रानात पडला की पीक सुधारते, यात आम्हाला शंका नाही. शंका वेगळीच आहे. डोंगराच्या पाण्याने भरलेल्या तलावाचा गाळ आणि सांडपाण्याचा नाला नदीला मिळतो त्याच्या खालचा गाळ, दोन्ही एकच समजायचे काय? आपले मेहकर पैनगंगेच्या काठावर आहे. नदीत उतरून धुणे धुणाऱ्या माताभगिनी, गाळाची टोपली उचलणारे मजूर, डबक्यातले मासे धरून कालवण करणारी लेकरे कोणत्या वस्तीतली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

पाण्याची बाटली भरून नेतात, अहवाल येतो की पाणी ठीक. पण विष पाण्यातच राहते असे नाही. कपाशीवर मारतात ते सायपरमेथ्रीन पाण्यात फारसे विरघळत नाही. ते मातीच्या कणाला चिकटते, पावसाने ओढ्यात येते आणि तळाशी बसते. शिसे, कॅडमियम यांचेही तसेच. शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, जस्त अशा 12 बाबी असतात. कीटकनाशकाचा रकाना तिच्यात नाही!

मग गाळाला विचारायचे कोणी? हे काम एक अळी करते. नाल्याच्या चिखलात लाल धाग्यासारखी वळवळते तीच. शास्त्रज्ञ तिला कायरोनोमस म्हणतात. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन तिच्याही अंगात असते, म्हणून ती लाल, आणि म्हणूनच प्राणवायू कमी असलेल्या घाण चिखलातही ती तगते. तेव्हा लाल अळी दिसली म्हणजे गाळ विषारी, असे कोणी धरू नये. ती गाळात राहते, गाळातलेच खाते आणि मोठी होऊन डासासारखी माशी बनून उडते. ही माशी चावत नाही.

ओईसीडी या देशांच्या संघटनेने 2004 साली या तपासाची लेखी पद्धत ठरवून दिली. मुळात ती औषधांसाठी आहे. स्वच्छ गाळात औषध कालवायचे, काचेच्या भांड्यात त्याचा थर द्यायचा, वर चौपट पाणी घालायचे. त्यात दोन-तीन दिवसांच्या 20 अळ्या सोडायच्या, थोडे खाद्य द्यायचे आणि 28 दिवस वाट पाहायची. शेजारी बिनऔषधाच्या गाळाचे भांडे असतेच. त्यातल्या शंभरातल्या निदान 70 अळ्यांच्या माश्या झाल्या पाहिजेत, नाहीतर सगळा तपास रद्द. आम्ही हिशेबातली माणसे, म्हणून आम्हाला हे फार आवडले. किती आत गेल्या, किती उडाल्या, ताळा लागलाच पाहिजे. नदीतून आणलेला गाळही असाच तपासता येतो. काही अळ्या मरत नाहीत, पण उशिरा उडतात किंवा त्यांचे दात वेडेवाकडे होतात. तोही पुरावाच.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतीभागातल्या ओढ्या-कालव्यांचा गाळ असा तपासला गेला. ही अळी आणि झिंग्यासारखा एक बारीक जीव, असे दोन साक्षीदार घेतले होते. 2004 साली छापलेल्या निष्कर्षात शेकडा 42 ठिकाणच्या गाळाने दोघांपैकी एकाला तरी निदान एकदा मारलेले दिसले, आणि बऱ्याच ठिकाणी सायपरमेथ्रीनच्याच जातकुळीची औषधे सापडली. आणि हे काम परदेशातच होते असे नाही. पुण्यात, सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, कायरोनोमस रामोसस या आपल्याकडच्या जातीवर संशोधन झालेले आहे. म्हणजे विद्या आपल्या राज्यात आहे. ती पैनगंगेच्या काठापर्यंत यायला हवी.

म्हणून बंधूभगिनींनो, ग्रामसभेत, नगरपरिषदेत गाळाचा विषय निघाला की आपल्या माणसांनी उठून ठराव मांडावा. नाल्याखालचा गाळ शेतात जाण्याआधी एखाद्या विद्यापीठाकडून त्याची अळीवर चाचणी करून घ्यावी, आणि अहवाल फळ्यावर लावावा. नमुना घेताना आपला एक माणूस हजर ठेवा. एक नमुना नाल्याच्या वरचा, एक खालचा. तळाच्या अगदी वरच्या चार-पाच सेंटिमीटरचाच गाळ घ्यायला लावा, कारण अलीकडे आलेले विष तिथेच असते. आणि तो बर्फात ठेवून न्यायला सांगा, उन्हात ठेवू देऊ नका.