हातोडा आधी घरात

दसऱ्याला बुटीबोरीच्या एमआयडीसीत मशीनला झेंडूचा हार पडला, की कुणीतरी ऐकवतोच : "ज्यूंच्या धर्मग्रंथात बघ, मूर्तिपूजा सरळ बॅन!"

अहो, पण ती आज्ञा कुणाला आहे? इजिप्तच्या गुलामीतून सुटलेल्या इस्रायली लोकांना. सोन्याचं वासरू त्यांनीच घडवलं, संदेष्ट्यांच्या शिव्याही मुख्यतः त्यांनीच खाल्ल्या. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केलेला पितळी साप लोक धूप दाखवून पुजायला लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला. म्हणजे हातोडा घरातल्या वस्तूवर! कनानी लोकांच्या वेद्या मोडा असंही तिथे आहे, मान्य. पण तो हुकूम त्या भूमीपुरता.

आणि लांब कशाला जाता? आपल्या कोकणातले बेने इस्रायल बघा. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. एकच देव मानणारी 'शमा' प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधलं. त्यासाठी शेजाऱ्याच्या देवळाचा दगडही हलवावा लागला नाही.

एकनिष्ठा स्वतःची तपासायची असते राव, दुसऱ्याचा झेंडू नाही!