विश्लेषण: सीप्झच्या कुंपणात अडकलेलं ४०० वर्षांचं चर्च, जुनं प्रार्थनास्थळ वाचवायला आधी काय लागतं?

मुंबईत अंधेरी पूर्वेला 'सीप्झ' आहे. दागिने घडवणारे कारखाने, इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी कंपन्या, गेटवर सुरक्षारक्षक. पास असल्याशिवाय आत सोडत नाहीत. याच कुंपणाच्या आत एक पडकं चर्च उभं आहे. छप्पर कधीच गेलंय, भिंतींत झाडांनी मुळं धरली आहेत. दर्शनी भाग मात्र अजून उभा आहे.

हे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूंनी ते १५७९ मध्ये बांधलं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या (१६३०) ५१ वर्षं आधी.

वर्षातून एकदा, मे महिन्यात, आसपासच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन कॅथलिक इथे जमतात आणि उघड्या आभाळाखाली मिस्सा होते. बाकी वर्षभर सगळं शांत. या समाजाची मागणी जुनी आहे आणि तिचे दोन भाग आहेत. एक, वास्तू पडण्याआधी तिचं जतन करा. दोन, आम्हाला तिथे जाऊ द्या.

बातम्यांमध्ये पहिल्या भागाची चर्चा जास्त होते. पण अशा वास्तूंचं भवितव्य बहुतेक वेळा दुसऱ्या भागावर ठरतं. कसं, ते समजून घेऊया.

ईस्ट इंडियन म्हणजे कोण?

नावावरून गैरसमज होतो. हे लोक पूर्व भारतातले नाहीत. मुंबई, साष्टी, ठाणे आणि वसई परिसरातले हे मूळ रहिवासी. शेतकरी, कोळी, भंडारी अशा वेगवेगळ्या समाजांतले त्यांचे पूर्वज पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. घरात बोलली जाते ती मराठीचीच एक बोली.

ब्रिटिश काळात गोव्याहून आणि इतर भागांतून कॅथलिक लोक नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले. आपली ओळख वेगळी राहावी म्हणून स्थानिक कॅथलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून ते आलं.

पुढे मुंबई वाढली. शेतं गेली, मिठागरं गेली, गावांची गावठाणं झाली आणि गावठाणांभोवती टॉवर उभे राहिले. त्यामुळे या समाजासाठी जुनं चर्च ही नुसती प्रार्थनेची जागा नाही. 'आमचं गाव इथे होतं' हे दाखवणाऱ्या ज्या मोजक्या खुणा उरल्या, त्यांतली ती एक आहे.

चर्च ओस का पडलं?

साष्टी बेट १७३०च्या दशकाच्या अखेरीस मराठ्यांकडे आलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता संपली. त्यानंतर काही दशकांत साष्टी इंग्रजांकडे गेली. राज्यकर्ते बदलले तरी हे चर्च चालू होतं.

ते बंद पडलं ते १८४० मध्ये. गावात साथ आली आणि लोक मरोळकडे सरकले. मूर्ती, बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आणि इतर काही वस्तू मरोळच्या सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्चमध्ये हलवण्यात आल्या. म्हणजे समाजाने इमारत सोडली, पण श्रद्धेचा धागा तोडला नाही. आजही मरोळ परिसरातले लोक या पडक्या वास्तूला आपलंच मानतात, त्याचं कारण हे आहे.

मग ते कुंपणाआड कसं गेलं?

इथली जमीन आधी औद्योगिक विकास महामंडळाकडे, म्हणजे एमआयडीसीकडे गेली. १९७३ मध्ये इथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झालं. 'सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन' या लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप म्हणजे सीप्झ. २००० मध्ये त्याचं विशेष आर्थिक क्षेत्र झालं.

खरी गुंतागुंत इथे सुरू होते. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानुसार, मंजूर उद्योग-व्यवहारांसाठी असं क्षेत्र देशाच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचं मानलं जातं. सोनं, हिरे, सुटे भाग करसवलतीत आत येतात आणि तयार माल बाहेर जातो. त्यामुळे गेटवरची तपासणी ही केवळ रखवालदारी नाही, ती कराच्या हिशेबाचा भाग आहे. आत कोण येतं, कोण जातं यावर नियंत्रण ठेवणं प्रशासनाला भागच आहे.

दोन्ही बाजूंचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे. प्रशासन म्हणतं, हे सुरक्षित क्षेत्र आहे. गावकरी म्हणतात, तुमचं क्षेत्र १९७३ चं, आमचं चर्च १५७९ चं.

अडचण पैशांची आहे का?

अशा प्रकरणांत पहिली शंका हीच येते. पण पैसे उभे करण्याचे मार्ग आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामांवर खर्च करावा लागतो. त्या कामांच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती आहे. राज्य सरकारची 'महाराष्ट्र वैभव' ही संगोपन योजना आहे, तिच्यात राज्य संरक्षित स्मारकाची देखभाल संस्था किंवा कंपनी स्वीकारू शकते. केंद्रानेही २०१७ मध्ये वारसा स्थळं दत्तक देण्याची योजना आणली. आणि धर्मग्रामातल्या लोकांची वर्गणी तर असतेच.

मात्र यांतला कोणताही मार्ग धरायचा तर आधी एक कागद लागतो: या वास्तूवर काम करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे सांगणारा. जमीन एकाची, ताबा दुसऱ्याचा, श्रद्धा तिसऱ्याची आणि वारसा सगळ्यांचा अशी स्थिती असेल, तर पैसे देणारा मागे हटतो. वर्गणी जमवणाऱ्यालाही लोकांना काय सांगावं कळत नाही.

डागडुजी म्हणजे सिमेंट मारणं नव्हे

समजा परवानगी मिळाली. पुढचा धोका घाईचा असतो. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओलावा शोषतो आणि हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओलावा आत कोंडतो, क्षार साचतात आणि दगडच सुटायला लागतो. बाहेरून भिंत नवी दिसते, आतून पोकळ होत जाते.

झाडांचंही तसंच. पिंपळाचं रोप ओढून काढलं की दगडही सोबत येतो. मूळ खोल गेलेलं असेल तर ते आधी मारावं लागतं, मग पोकळी चुन्याने भरावी लागते. कधी कधी तीच मुळं भिंतीला धरून असतात, त्यामुळे आधी टेकू द्यावे लागतात. छप्पर नसलेल्या वास्तूत भिंतीचा माथा बंद करणं सर्वांत तातडीचं, कारण मुंबईच्या पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं.

त्याआधी मोजमाप, फोटो, नकाशे. कुठला दगड कुठे होता याची नोंद नसेल तर नंतर काही पडल्यास पुन्हा बसवता येत नाही. या नोंदीच्या कामात गावातली माणसं उपयोगी पडतात. जुने फोटो, लग्नाच्या आठवणी, मरोळला नेलेल्या वस्तू, हे सगळं पुरावाच आहे.

छप्पर घालायचं की पडकं तसंच ठेवायचं?

इथे समाज आणि तज्ज्ञ यांच्यात मतभेद होऊ शकतात. संवर्धनाच्या क्षेत्रात १९६४ ची व्हेनिस सनद मानली जाते. तिचं साधं तत्त्व असं: जिथे पुरावा संपून अंदाज सुरू होतो, तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. मूळ छप्पर कसं होतं हे ठामपणे सांगता येत नसेल, तर 'जुन्यासारखं' नवीन छप्पर घालणं म्हणजे बनावट इतिहास तयार करणं.

पण भाविकांच्या दृष्टीने छप्पर नसलेलं चर्च हे अर्धंच चर्च. यात मधला रस्ता असतो. भिंतींना धक्का न लावता, हलकं, उद्या काढता येईल असं आणि नवीन आहे हे स्पष्ट दिसणारं आच्छादन. यावर निर्णय घेताना भाविक बैठकीत असणं गरजेचं आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या २०१४ च्या राष्ट्रीय संवर्धन धोरणातही स्थानिक समाजाचं स्थान मान्य केलेलं आहे.

'संरक्षित स्मारक' झालं की सुटलं?

अर्धंच. संरक्षणामुळे पाडापाडी थांबते. केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट लागते. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे.

पण संरक्षणाची दुसरी बाजूही आहे. ज्या स्मारकात संरक्षणाच्या वेळी पूजा किंवा प्रार्थना चालू नव्हती, तिथे ती नव्याने सुरू करू द्यायची नाही, अशी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची भूमिका राहिली आहे. म्हणून वारसा वाचवण्याच्या नादात प्रार्थना कायमची बंद होऊ शकते. सीप्झमधली वार्षिक मिस्सा त्यामुळेच महत्त्वाची ठरते. वर्षातून एकदा का होईना, ही वास्तू वापरात आहे याचा तो पुरावा आहे.

आणि प्रार्थना चालू असली तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस बॅसिलिका १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि तिथे रोज मिस्सा होते. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच त्याच्या बाहेरच्या भिंतींचा गिलावा काढून टाकण्यात आला. तेव्हापासून जांभा दगड पावसात उघडा आहे. २०२० मध्ये बॅसिलिकाच्या रेक्टरांनी छताच्या दुरुस्तीतल्या दिरंगाईबद्दल जाहीर आवाज उठवला. रोज आत वावरणारा माणूस होता, म्हणून गळती वेळेत दिसली आणि तक्रारही झाली. बंद गेटाआडच्या वास्तूबद्दल अशी तक्रार करायला कोणी नसतं.

मालकी सरकारची, वापर समाजाचा: हे जमतं का?

जमतं. पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल १९०५ च्या कायद्यामुळे फ्रेंच सरकारच्या मालकीचं आहे, पण त्याच्या वापराचा हक्क कॅथलिक चर्चकडे आहे. एप्रिल २०१९ मध्ये आग लागली तेव्हा जबाबदारी कोणाची यावर वाद झाला नाही. जगभरातून ८० कोटी युरोंपेक्षा जास्त देणग्या आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं.

आपल्याकडचं उदाहरण भायखळ्याचं. १९११ ते १९१३ दरम्यान बांधलेलं अवर लेडी ऑफ ग्लोरी, म्हणजेच ग्लोरिया चर्च. ते चालतं-बोलतं चर्च आहे, मिस्सेला माणसं येतात. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचं संवर्धन झालं आणि २०१९ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

ग्लोरिया आणि सीप्झमधलं चर्च एकाच शहरात आहेत. कुशल कारागीर तेच, पाऊसही तोच. फरक चावी कोणाकडे आहे, याचा आहे.

नांदेड-लातूरच्या वाचकाला याचं काय?

मराठवाड्यात इतकी जुनी पोर्तुगीज चर्च नाहीत. नांदेड आणि लातूर ज्यात येतात तो औरंगाबाद धर्मप्रांतच १९७७ चा आहे. पण प्रश्न ओळखीचा आहे. विष्णुपुरीत गोदाकाठचं काळेश्वराचं मंदिर रोजच्या दर्शनामुळे गजबजलेलं असतं. पायरी हलली तरी कोणाच्या तरी लक्षात येते. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं संवर्धनाच्या कामामुळे आणि महोत्सवामुळे पुन्हा लोकांच्या नजरेत आली. आणि ज्या गावात जुनी बारव किंवा मठ कोणाच्या ताब्यात आहे हेच ठाऊक नाही, तिथे दगड एकेक करून घराच्या पायात जातात.

पुढे काय होऊ शकतं?

सीप्झच्या बाबतीत तीन गोष्टी शक्य आहेत. पहिली, पावसाळ्याआधी टेकू, माथाबंदी आणि मोजमाप. याला मालकीचा वाद मिटण्याची वाट बघायची गरज नाही. दुसरी, वहिवाटीचा लेखी करार: वर्षातले ठरावीक दिवस, ठरावीक रस्ता, ठरावीक माणसं. तिसरी, कायमचा तोडगा. विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यात 'प्रक्रिया क्षेत्र' आणि 'बिगर-प्रक्रिया क्षेत्र' अशी विभागणी करण्याची सोय आहे. चर्च आणि तिथवरचा रस्ता करसवलतीच्या कुंपणातून वेगळा काढता येईल का, हे त्या आधारे तपासता येईल.

तुमच्या गावातल्या जुन्या देवळाबद्दल, दर्ग्याबद्दल किंवा चर्चबद्दल अशी मोहीम सुरू झाली तर वर्गणी देण्याआधी तीन प्रश्न विचारा. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचं आहे? काम चुन्यात होणार की सिमेंटमध्ये? आणि काम संपल्यावर चावी कोणाकडे राहणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर दुरुस्त झालेली वास्तू काही वर्षांत पुन्हा कुलूपबंद होते, आणि पुढची गळती कोणाला दिसत नाही.