पिवळी गोळी

दिवाळीत साखर संपते ती नेमकी पाक करायच्या वेळी. परवा हिने माझ्या हातात वाटी दिली आणि शेजारच्या वहिनींकडे पिटाळले. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर शुक्रवारी तांबडे वर्तुळ दिसले.

“वहिनी, दूधवाल्याचे इतके खाडे?”

“नाही हो भाऊजी. छकुलीच्या गोळीचा वार. आठवड्यातून एकदाच द्यायची, चुकायचे नाही.”

माझी थट्टा घशातच अडकली. सात वर्षांच्या त्या पोरीला गेल्या साली रक्ताचा कर्करोग निघाला. परळच्या वाऱ्या सुरू झाल्या, केस गेले, पुन्हा आले. आणि परवा मी गेलो तेव्हा ती खाली अंगणात कोपरापर्यंत चिखलात हात घालून किल्ला करीत होती.

माझ्या लहानपणी आमच्या चाळीतला, माझ्याच बाकावरचा एक मुलगा याच दुखण्याने दीड महिन्यात गेला. आम्हा पोरांना सांगितले, तो मामाच्या गावाला गेला. पुढे कितीतरी दिवस मी त्याच्या गोट्या जपून ठेवल्या होत्या. म्हणून त्या पिवळ्या गोळीची कुळकथा शोधायला बसलो. काय गंमत पाहा, तिचे एक मूळ निघाले आपल्या परळातच!

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत तिने त्याचा शोध घेतला आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे ‘मार्माइट’ने, त्या बायकांचे रक्त भरून येते हे १९३१ साली जगाला सांगितले. त्यातला गुणकारी पदार्थ म्हणजे पुढे पालकाच्या पानांतूनही वेगळे काढलेले फॉलिक आम्ल.

आता बोस्टनला चला. तिथल्या मुलांच्या इस्पितळात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. जन्म १९०३ चा. त्यांचे काम सूक्ष्मदर्शकापाशी आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशी. मूल त्यांच्याकडे यायचे ते सगळे संपल्यावर. या माणसाला वाटले, आपण थोडे आधी का पोहोचू नये? फॉलिक आम्लाने रक्त सुधारते, तर ते रक्ताच्या कर्करोगावर देऊन पाहावे. दिले. आणि रोग उलट जोराने वाढताना दिसला!

दुसरा एखादा तिथेच हात टेकून बसला असता. फार्बरांनी उलटा विचार केला. ज्या खाद्यावर रोग पोसतो, तेच तोडले तर? फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण पेशीच्या कुलपात अडकून बसणारे, अशा खोट्या किल्लीसारखे औषध त्यांना हवे होते. ते आले लेडर्ले कंपनीतल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून. सुब्बाराव १८९५ साली भीमावरमला जन्मले, आपल्या आंध्रातले! औषधाचे नाव अमिनोप्टेरिन.

१९४८ च्या जूनमध्ये फार्बरांनी निष्कर्ष छापले. सोळा मुलांपैकी दहांना उतार पडला. अंथरुणाला खिळलेली पोरे उठून हिंडूफिरू लागली. पण काही महिन्यांनी रोग परत आला. ‘मरणाऱ्या लेकरांना का छळता?’ असे म्हणणारे वैद्यकातही होते. त्यांना अगदीच दुष्ट म्हणता येणार नाही. त्यांनी फार मरणे पाहिली होती.

खरे सांगायचे तर मलाही तोच प्रश्न पडला. साखरेची वाटी परत द्यायला गेलो तेव्हा ही सारी हकिगत वहिनींना सांगितली आणि बोलून गेलो, “दोन-चार महिने मिळाले. त्यांचा काय उपयोग?”

वहिनी चकलीचा सोऱ्या खाली ठेवून म्हणाल्या, “भाऊजी, दोन महिने म्हणजे किती, ते आम्हांला विचारा.”

मी गप्प बसलो.

त्या महिन्यांचे चीज पुढच्यांनी केले. अमिनोप्टेरिनचे धाकटे भावंड मेथोट्रेक्सेट आले. हीच ती छकुलीची गोळी. १९६२ साली मेम्फिसला सेंट ज्यूड इस्पितळ उघडले. तिथे डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र, वर्षानुवर्षे देण्याचा हट्ट धरला आणि त्या दशकाच्या अखेरीस निम्मी मुले बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत या दुखण्याच्या दहांपैकी नऊ मुले वाचतात. फार्बर १९७३ साली गेले. सुब्बारावांनी तर १९४८ च्या ऑगस्टमध्येच, निष्कर्ष छापून आल्यावर दोन महिन्यांत, डोळे मिटले.

छकुलीच्या गोळ्या अजून सहा महिने आहेत. मग तपासण्या. वहिनी पुढचे बोलत नाहीत, आम्हीही विचारीत नाही.

काल मात्र खालून हाक आली, “काका, किल्ल्यावर मावळे कमी पडताहेत!” बाजारात गेलो आणि चांगले डझनभर मावळे घेऊन आलो. किल्ला लढवायचा म्हणजे शिबंदी भरपूर हवी.