लेकावर आळ, आईला का घराबाहेर काढता?

मैत्रिणींनो, परवा राजापेठेतली एक ओळखीची बाई डोळे पुसतच घरी आली. धुणीभांडी करून दोन खोल्यांचा किराया भरते. मोठ्या मुलाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेलं आणि त्याच संध्याकाळी घरमालकीण म्हणाली, "आठ दिवसांत खोली खाली कर."

"ताई, पोरानं केलं का नाई, मले माईत नाई. पण दहावीतल्या पोरीले घेऊन मी जाऊ कुठं?"

घरमालकिणीची भीती खोटी नाही. तिच्याही घरात लेकीसुना आहेत. पण भीती म्हणजे पुरावा नव्हे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम १६ पाहा. भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुणीही शेजाऱ्यांना उपद्रव दिला, किंवा जागा बेकायदा कामाला वापरल्याचा गुन्हा सिद्ध झाला, तर घर परत मागता येतं, तेही न्यायालयातून. नुसत्या अटकेवरून नाही. पाणी किंवा वीज तोडून हुसकायलाही कलम २९ ची मनाई आहे. अकरा महिन्यांच्या लेखी कराराची मुदत संपली, तर गोष्ट वेगळी.

आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठानं १३ नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझर प्रकरणात निकाल दिला. एकावर आरोप आहे म्हणून अख्ख्या कुटुंबाचं छप्पर काढणं ही सामूहिक शिक्षा ठरते, असं त्यात बजावलं आहे. तो निकाल सरकारी पाडापाडीबद्दलचा, भाडेकरूंबद्दलचा नाही. पण त्यातला न्याय आपल्या उंबऱ्याला लागू नाही का?

अकोल्याची माझी नणंद स्वतः घरमालकीण. ती म्हणते, "भीती वाटते ना? मग आधीच लेखी करार करा, तो नोंदवा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या." अगदी खरं. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्यानं घरमालकावरच टाकली आहे. आणि भाडेकरू बाईनंही हे ध्यानात ठेवावं, की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मी त्या घरमालकिणीकडे जाऊन बसले. दोन चहा झाले, तेव्हा ती म्हणाली, "पोरीची परीक्षा होऊ द्या." एवढंच मिळालं, पण त्या पोरीचं वर्ष वाचलं. लेक चुकला असेल, तर त्याचा न्याय कोर्ट करील. आईचा आणि बहिणीचा न्याय आपण ओट्यावर बसून करू नये.