मुलांच्या ताटातले अंडे लोकवर्गणीवर का?

महाराष्ट्र शासनाने 28 जानेवारी 2025 रोजी शालेय पोषण आहाराबाबत एक शासन निर्णय काढला. पाककृती बदलल्या, नवा तक्ता दिला आणि त्यातच हळूच एक वाक्य घुसवले. अंडा पुलाव करायचा असेल किंवा खीर, नाचणीसत्त्वासाठी साखर हवी असेल तर त्यासाठी शासन वेगळा निधी देणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून सोय करावी. याच शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये मुलांना आठवड्यातून एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय वाजतगाजत जाहीर केला होता. ते अंडे सव्वा वर्षसुद्धा टिकले नाही. त्यासाठीची तरतूद वर्षाला साधारण 50 कोटींची होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ही रक्कम किती, हे वाचकांनीच ठरवावे.

शहाडच्या एका वस्तीतली भगिनी भाडेकराराच्या कामासाठी आमच्याकडे आली होती. नवरा कंत्राटी कामगार, ती चार घरची धुणीभांडी करते. मुलगा महापालिकेच्या शाळेत तिसरीत. कागद करता करता शाळेचा विषय निघाला. म्हणाली, "पोरगा अंड्याच्या दिवशी कधी शाळा चुकवत नव्हता, आता विचारतो अंड्याचा वार गेला कुठं." पालकांच्या बैठकीत वर्गणी काढा असे सांगण्यात आले. तिने आम्हाला विचारले, "साहेब, वर्गणी काढायची कुणाकडून? आमच्याकडूनच?"

या एका प्रश्नात त्या शासन निर्णयाची सगळी उलटतपासणी आहे. ज्या शाळेत डॉक्टर, बिल्डर, अधिकारी यांची मुले शिकतात, तिथे लोकसहभाग उभा राहतो. पण तिथे ही योजनाच नाही. योजना आहे ती शासकीय, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत. शहाडसारख्या, कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महापालिकांच्या सीमेवरच्या कामगार वस्तीत तिथे जाणारी मुले कोणाची असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. उपाशी माणसाला सांगायचे की तुझ्या जेवणासाठी तूच वर्गणी काढ, याला लोकसहभाग म्हणत नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. दुपारचे जेवण ही सरकारची मेहेरबानी नाही. पीयूसीएलच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश दिला, तेव्हा सरकारांना शाळेत शिजवलेले अन्न देणे भाग पडले. त्याआधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी देऊन काम भागवले जात होते. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने कलम 5 मध्ये तो हक्क कायद्यातच लिहिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिने. सरकार म्हणणार, हे प्रमाण आम्ही तांदूळ आणि डाळीतून भरून काढतो. कागदावर ते भरतेही. 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ यांची बेरीज बारापर्यंत जाते. पण त्यात मोठा वाटा तांदळाचा, आणि वीस ग्रॅम डाळ म्हणजे मुठीत मावेल एवढी. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, तीही पचायला चांगली. शिवाय अंड्यात पाणी घालता येत नाही. डाळ पातळ करता येते, अंडे पातळ करता येत नाही. अंड्याला खरा विरोध कोणाचा असतो, याचा विचार करताना हेही ध्यानात ठेवावे.

1 मे 2025 पासून केंद्राने प्राथमिकच्या एका मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सगळ्यांसाठी रोजचा दर ठरवला तो 6 रुपये 78 पैसे. धान्य वेगळे मिळते, हे खरे. पण एवढ्या पैशांत शहाड स्टेशनबाहेर अर्धा वडापाव येतो. राज्याला यात स्वतःची भर घालायला कायद्याची आडकाठी नाही. उलट याच कायद्याचे कलम 32 सांगते की राज्य सरकार आपल्या पैशातून जास्तीचे लाभ देऊ शकते. म्हणजे प्रश्न अधिकाराचा नाही, नियतीचा आहे.

यावर ठरलेले उत्तर येते की आपला देश गरीब आहे, परदेशाशी तुलना कशाला करता? ठीक आहे, तुलनाच करू. फिनलंडने सर्व शाळकरी मुलांना मोफत जेवण देण्याचा कायदा केला तो 1943 साली. तेव्हा तो देश युद्धात होरपळत होता, श्रीमंत नव्हता. पालिकांना तयारीसाठी पाच वर्षे दिली आणि 1948 पासून तिथल्या मुलांना शाळेत गरम जेवण मिळते. त्यात गरिबाच्या मुलाला वेगळे कुपन नाही. जपानचा शालेय भोजन कायदा 1954 चा, म्हणजे पराभवातून आणि अन्नटंचाईतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या देशाचा. तिथे मुलेच पाळीपाळीने टोपी-अ‍ॅप्रन घालून वर्गात एकमेकांना वाढतात. आज वाढणारा उद्या वाढून घेतो. आमच्याकडे हा साधा धडा किती शाळांत देता येईल? ब्राझीलने 2009 साली कायदा करून शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान 30 टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावर खर्च करायला लावला. मुलांचे पोट आणि शेतकऱ्याचा माल एकाच हिशेबात बसवला.

आणि परदेश तरी कशाला? 1920 साली, ज्या वर्षी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला त्याच वर्षी, ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पार्टीच्या हाती असलेल्या मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलांना खाऊ द्यायला सुरुवात केली. खर्च मुलामागे दिवसाला एक आण्याच्या आत. 1925 साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या निधीतून हा खर्च करता येणार नाही असा आक्षेप घेतला आणि ते बंद पडले. शंभर वर्षांनी महाराष्ट्रात स्वकीयांचे सरकार वेगळा निधी नाही असे लिहिते, तेव्हा भाषा किती सारखी आहे पाहा. तामिळनाडू मात्र थांबला नाही. 1956 पासून कामराजांनी आणि 1982 मध्ये एमजीआर यांनी ते जेवण राज्यभर वाढवले. 1989 मध्ये करुणानिधींनी त्यात अंडे आणले आणि 2022 पासून तिथे प्राथमिक शाळेत सकाळची न्याहारीही मिळू लागली. एका सरकारने दिलेले दुसऱ्याने काढून घेतले नाही, कारण काढून घेणाऱ्याला लोक दारात उभे करणार नाहीत, ही भीती तिथल्या चळवळीने निर्माण केली.

अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव आमच्या पिढीला पाठ आहे. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच नावावरून. पण त्या पँथरांनी जानेवारी 1969 मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये मुलांना शाळेआधी मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. एफबीआयला त्यांच्या बंदुकांइतकीच त्या न्याहारीचीही भीती वाटली. पुढे 1975 साली अमेरिकन सरकारने स्वतःची शालेय न्याहारी योजना कायम केली. श्रेय कोणाला किती द्यायचे यावर वाद असेल, पण आपल्या पँथरने त्यांच्याकडून आवाज घेतला आणि न्याहारीचे ताट तिथेच राहिले, असे आम्हाला वाटते.

कर्नाटकचे उदाहरण थोडे अवघड आहे. तिथे 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनशी तीन वर्षांचा करार होऊन आठवड्याचे सहा दिवस अंड्यांची सोय झाली. मुलांना अंडी मिळाली याचा आनंदच आहे. शिवाय तिथे दाता सरकारने शोधला, झोपडपट्टीतल्या आईवर ते काम टाकले नाही. तरीही तीन वर्षांचा करार संपल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. दान देणाऱ्याला ते थांबवण्याचाही अधिकार असतो. आणि काही दाते अन्नाबरोबर आपली सोवळ्याची कल्पनाही वाढतात. कांदा-लसूण नको, अंडे तर नकोच. आमच्या मुलांनी काय खावे हे दुसऱ्याच्या देवघरात ठरावे, हे आम्हाला मान्य नाही.

आता ताट सोडून चुलीकडे या. सर्वोच्च न्यायालयाने 20 एप्रिल 2004 च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्या असे सांगितले. या आदेशाचे मोल कळायला उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात डिसेंबर 2021 मध्ये घडलेली घटना आठवावी. दलित बाईने रांधलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले आणि तिची नेमणूक रद्द झाली. बोभाटा झाल्यावर तिला परत घ्यावे लागले. नुसत्या सहभोजनाने जात जात नाही, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच बजावले होते. पण जिथे एका पंगतीला बसायचीच तयारी नाही, तिथे ती पंगत बसवणे हीसुद्धा लढाईच आहे. शहरांत या आदेशाला दुसरी बगल मिळते. अन्न केंद्रीय स्वयंपाकगृहातून टेम्पोने येते, कंत्राट संस्थेच्या नावावर असते आणि तिथे चुलीपाशी कोण उभे आहे हे पालकाला दिसतच नाही. ज्या शाळांत बाया रांधतात, त्यांच्यासाठी केंद्राने धरलेले मानधन 1 डिसेंबर 2009 पासून महिना 1000 रुपयेच राहिले, तेही वर्षातले दहा महिने. राज्ये आपापली भर घालतात ती वेगळी.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. आपल्यातल्या नोकरदारांनी, आम्ही धरून, मुले इंग्रजी शाळेत घातली आणि डबा घरून दिला. त्यात गैर काही नाही, पण त्या दिवसापासून महापालिकेच्या शाळेच्या फाटकात आपले पाऊल पडलेले नाही. जयंतीला मंडप घालायला आपली पोरे रात्रभर जागतात. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कधी असते, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. कलम 22 प्रमाणे ही समिती शाळा विकास आराखडा करते आणि सरकारने वा पालिकेने द्यायच्या अनुदानाला तोच आराखडा आधार असतो. म्हणजे ज्या समितीवर सरकारने वर्गणीचे ओझे टाकले, त्याच समितीला सरकारकडे लेखी मागणी करण्याची वाट कायद्याने दिली आहे.

शहाडच्या त्या भगिनीला आम्ही हेच समजावले. भाडेकराराबरोबर एका पानाचा ठराव लिहून दिला: आमच्या शाळेतील पालक वर्गणी देऊ शकत नाहीत, आठवड्यातून किमान एक अंडे किंवा केळे शासनाच्या खर्चाने मिळावे, ही मागणी शाळा विकास आराखड्यात नोंदवावी, ठरावाची प्रत अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 15 खालील जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवावी. तिने तो दोनदा वाचून घेतला आणि विचारले, यावर सह्या किती लागतील? आम्ही म्हणालो, जितक्या मिळतील तितक्या. ती म्हणाली, आमच्या चाळीतल्याच पंधरा होतील, पण बैठक दुपारी असते, कामावरून सुट्टी घ्यावी लागेल. मग त्याच कागदाच्या खाली आम्ही आणखी एक ओळ जोडली, की समितीची बैठक संध्याकाळी सहानंतर घ्यावी.