एमच्या घरातलं हसू



‘एम आणि हूमराव’ वाचा असं मी कुणाला सांगते, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. मनाने आजारी असलेल्या आईची गोष्ट, आणि ती विनोदी? आजारी बाईवर हसायचं का? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की या पुस्तकात आजारी बाईवर कुणी हसत नाही. हसवते तीच, आणि घर तिच्याबरोबर हसतं. हा फरक आपल्या लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे अशा बाईला बोलूच देत नाहीत. मग ती हसवणार कधी?

पुस्तकाबद्दल थोडं सांगते. जेरी पिंटो यांची ही कादंबरी मूळ इंग्रजीत २०१२ साली आली आणि २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. मराठीत ती शांता गोखले यांनी आणली. माहीममधलं लहानसं घर, मूळचं गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब. आई इमेल्डा, तिला मुलं ‘एम’ म्हणतात. वडील ऑगस्टीन, ते झाले हूमराव. मुलगी सूझन, आणि गोष्ट सांगणारा मुलगा, ज्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. एम कधी उंच झोक्यावर असते, रात्रंदिवस बोलत सुटते. कधी इतकी खोल जाते की जगणं नको होतं. जीव द्यायचे प्रयत्नही होतात. जे. जे. हॉस्पिटलच्या वॉर्डात तिचं येणं-जाणं चालू असतं. लेखकाच्या स्वतःच्या आईलाही हाच आजार होता.

आधीच सांगून ठेवते, एम बिड्या ओढते. तिचा चहाही संपत नाही. बोलते तर असं, की आपल्या घरात सासरे समोरच्या खोलीत असतील तर पुस्तक मिटून ठेवावं लागेल. मुलाला त्याच्या प्रेमाबिमाबद्दल ती नको ते विचारते. पहिली वीस पानं दम धरा, पुढे तीच हाताला धरून नेते.

आता हसण्याचं बोलू. ‘हिला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याची गाडी आली’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सिनेमातही वेड्याचं सोंग आलं की थिएटर हसतं. त्यात वेड्याला तोंड नसतं, फक्त वेडेवाकडे हावभाव असतात. एमला मात्र तोंड आहे, आणि केवढं! स्वतःच्या आजाराची, डॉक्टरांची, नवऱ्याच्या गप्प बसण्याची, सगळ्यांची ती टोपी उडवते. मुलंही तिला तसंच उत्तर देतात. हे हसणं सुखाचं नाही. बाथरूमचं दार जरा जास्त वेळ बंद राहिलं तर पोटात गोळा येणाऱ्या मुलांचं ते हसणं आहे. तरी ते हसणं आहे म्हणून ते घर घर राहतं. एम आजारी आहे हे त्या चौघांना माहीत आहे, आणि ते एकमेकांपासून लपवत नाहीत.

आपल्याकडे काय होतं? सटाण्याहून नाशिक नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. तिथल्या मनाच्या डॉक्टरांकडे जाताना ‘लग्नाच्या साड्या घ्यायला चाललोय’ असं सांगून निघायचं, आणि येताना खरंच एखादी साडी आणायची, नाहीतर शेजारीण विचारणार. गोळ्या ‘ॲसिडिटीच्या’ म्हणून ठेवायच्या. सून फारच गप्प झाली की ‘चार दिवस माहेरी जाऊन ये, बरं वाटेल’. ते चार दिवस कधीकधी चार वर्षं होतात. हूमरावांचं मला म्हणूनच फार वाटतं. हा माणूस कमी बोलतो, कमावतो, हॉस्पिटलात जाऊन बसतो, घरी येऊन मुलांना सांभाळतो, आणि बायकोला कुठेही पाठवून देत नाही. तो काही देव नाही, दमतोसुद्धा. पण आपल्या पुरुषमंडळींनी पुस्तक वाचलं नाही तरी निदान त्याची पानं त्यांना वाचून दाखवा.

आणि आपला ठरलेला शब्द, ‘कर्माचा उदय’. असेल. असाता वेदनीयाचा उदय तापातही असतो. तापात आपण गोळी घेतोच ना? मग डोक्याच्या दुखण्यालाच फक्त नवकार आणि आयंबिल पुरेल, हे कुणी ठरवलं? नवकार गोळीबरोबरही म्हणता येतो.

लपवण्याने काय होतं ते पर्युषणात बघा. एमसारख्या आजारावर, म्हणजे ज्यात मन कधी फार वर, कधी फार खाली जातं त्यावर, लिथियम हे जुनं आणि चांगलं औषध आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी त्याचा उपयोग जगापुढे मांडला. आजही ते दिलं जातं. मात्र त्याचं रक्तातलं प्रमाण मोजून राखावं लागतं, कारण शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की हे औषध रक्तात साठतं. हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, जीभ जड पडते, चालताना तोल जातो. वेळीच दखल घेतली नाही तर जिवावर बेतू शकतं. आता विचार करा, ज्या सुनेच्या गोळ्यांबद्दल फक्त नवऱ्याला ठाऊक आहे, तिला घरातल्या बायका म्हणतात, ‘या वर्षी तुझी अठ्ठाई होऊ दे!’ नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं नाही, म्हणून ती पच्चक्खाण घेते. वर उपवासात गोळी कशी घ्यायची म्हणून ती गुपचूप बंद करते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चौविहार उपवासाच्या आदल्या रात्री दोन दिवसांच्या एकदम घेते. बाहेर तिची अनुमोदना चालू असते, आणि आत काय चाललंय ते कुणाला ठाऊक नसतं. पच्चक्खाणाच्या पाठातच आजारपणासाठीचा आगार आहे. तो ज्यांनी ठेवला त्यांना माणसाचं शरीर आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. महाराजसाहेबांना खरं कारण सांगितलं तर ते अठ्ठाईचा आग्रह धरतील असं मला वाटत नाही. अडचण त्यांची नाही. अडचण आहे बाजूला बसलेल्या आपली, कारण ऐकलेलं आपण घरी नेतो.

आपण ते का नेतो, तर सोयरिकीसाठी. बायोडाटा आला की आधी मामाकडचं विचारायचं. ‘त्यांच्या आईचं डोकं जरा...’ एवढ्या अर्ध्या वाक्यावर चांगली स्थळं मोडलेली आहेत. एमच्या मुलालाही हीच भीती आतून खाते, की आपल्यातही हे असेल का? या आजारात वंशाचा भाग असतो हे खरं आहे. पण आई किंवा वडील आजारी असले तरी बहुतेक मुलांना तो होत नाही, हेही तितकंच खरं. मधुमेहाचं घराणं आपण बिनदिक्कत करतो. पेढ्याचा बॉक्स घेऊन जातो तिथे!

आणखी एक गोष्ट मला या पुस्तकात फार टोचली. लग्नाआधी एम नोकरी करायची आणि माहेर तिच्या पगाराकडे डोळे लावून असायचं. ब्रह्मदेशातून सगळं सोडून आलेलं ते कुटुंब होतं. पुढे मुलगा झाल्यावर तिचा आजार उघड झाला. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही, लेखकही म्हणत नाही. पण शांता गोखले यांनी हे पुस्तक मराठीत आणलं तेव्हा त्यांच्या स्वतःच्या ‘रीटा वेलिणकर’ची (१९९०) मला आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. रीटासुद्धा घरातली थोरली, आईवडील आणि बहिणींचा संसार ओढणारी, आणि मग एक दिवस कोसळलेली. त्या पुस्तकात हसू कमी आणि टोमणे जास्त. शिवाय रीटाचं वरिष्ठाशी असलेलं प्रकरण आपल्यातल्या काहींना पचणार नाही. २००९ साली त्यांची मुलगी रेणुका शहाणे यांनी त्यावर ‘रीटा’ हा सिनेमा काढला, पल्लवी जोशी त्यात रीटा आहे. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांनी तो बघावा.

दोन्ही पुस्तकांतली बाई कोसळण्याआधी बराच काळ ‘आमची गुणी मुलगी’ होती. घरातल्या सगळ्यांचं जिच्यावाचून अडतं, सण आला की जी पहाटे चारला उठते, जिला कुणी कधी ‘तुला काय झालं?’ असं विचारत नाही, कारण तिला काही होतच नाही, अशी एक तरी बाई प्रत्येकीच्या डोळ्यासमोर आता आली असेल. काही जणींना आरसाच दिसला असेल.

सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि साडी घ्यायला नाशिकला जावं लागत नाही. फोन आजारी बाईनेच करायला हवा असं नाही. नवरा करू शकतो, मुलगी करू शकते, आणि सासूसुद्धा.